शिळं पाणी

घट बसायला दोन दिवस राह्यले होते आणि आठ दिवसांनी नळ आल्ता. परतूरमधल्या आमच्या गल्लीत हे दोन्ही एकाच दिवशी आलं की बाईमाणसाला दम खायला सवड न्हाई. गोधड्या, डबे, भांडी, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं धुवून काढायचं. पण पहिले ड्रम रिकामे करायचे. आठ दिवसांचं उरलेलं शिळं पाणी नालीत ओतायचं, ड्रम घासायचा, मंग ताजं भरायचं. आमच्याकडं सगळ्या बाया असंच करतात. त्यात इचार करण्यासारखं काय असतं?

त्याच झपाट्यात मी माशांची काचपेटीही धुतली.

मासे माझ्या सासऱ्यांचे. त्यांना मी मामा म्हणते. सगळी उमर मेंढरांमागं गेली. गुडघे गेले तशी मेंढरं विकली आणि ते आमच्याकडं राहायला आले. घरात बसून बसून त्यांनी बोलणंच सोडून दिलं होतं. मंग माझ्या नवऱ्यानं, तो जालन्याला कारखान्यात कामाला आहे, तिथल्या दुकानातून ही पेटी आणि चार गोल्डफिश आणले. गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या मादीच्या डोक्यावर लाल मांसाची टोपी होती. मामा सकाळपासून पेटीपुढं खुर्ची टाकून बसायचे. आज कोणत्यानं खाल्लं न्हाई, कोण कोपऱ्यात जाऊन बसलं, सगळं मला येऊन सांगायचे. माणूस पुन्हा बोलायला लागलं होतं.

नवऱ्यानं बजावून सांगितलं होतं, एका बारीला थोडंच पाणी बदलायचं, तेही दोन दिवस भरून ठेवलेलं. मला ठाऊक होतं. पण काचेवरचं ते हिरवं शेवाळ बघून माझं डोकं फिरलं. घट बसणार आणि घरात ही घाण? मामा कोपऱ्यावर दाढी करायला गेल्ते तेवढ्यात मी मासे घमेल्यात काढले, पेटी घासली, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून धुतला, नळाचं ताजं पाणी भरलं, मासे परत सोडले आणि घमेल्यातलं पाणी नालीत ओतलं. ब्लिचिंगचा वास येऊन राह्यला होता. मला वाटलं, चला, आज पाणी चांगलं शुद्ध आलंय! काय अक्कल म्हणावी.

मामा परत आले तवा चारही मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मोठीचे पंख अंगाला चिकटले होते.

"काय झालं गं यांना?"

"ऊन लय आहे मामा, त्यानं असंल," मी म्हणलं. तोंडातून निघूनच गेलं.

तेवढ्यात लाईट गेली. हवेचा पंप बंद. हात ओले होते म्हणून दुकानदाराला फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यानं पहिलंच इचारलं, "पाणी बदललं का?"

मामा माझ्याकडं बघून राह्यले होते.

"हो."

"किती?"

"सगळं."

"नळाचं? बाई, ब्लिचिंगनं त्यांचे कल्ले जळून राह्यले. ब्लिचिंग मारायचं औषध नसंल तर कालपरवाचं पाणी टाका, जल्दी. आणि तवर तांब्यानं पाणी वर-खाली करत राहा."

मामांनी तांब्या घेतला, पाणी उचलायचं आणि उंचावरून सोडायचं सुरू केलं. मी गल्लीत धावले. या घरी, त्या घरी, शिळं पाणी आहे का शिळं? सगळ्या बाया हसायला लागल्या. सगळ्यांचे ड्रम घासून ताज्या पाण्यानं भरलेले. ज्याच्याकडं बोअर होता त्याची मोटर लाईटीवाचून बंद. मोकळ्या बादल्या घेऊन परत आले तर मामांचा तांब्या अजून थांबला नव्हता.

"शेळ्यावाल्याकडं जा," ते म्हणले. "घटासाठी जनावराचा हौद कोणी धुवत न्हाई."

बराबर होतं. हौदात तीन दिवसांचं बोअरचं पाणी होतं. दोन बादल्या भरल्या, धावत आले, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घमेल्यात ओतलं. मामांनी एकेक मासा ओंजळीत धरून सोडला. मी अजून दोन खेपा केल्या. चप्पल कुठं पडली तेही कळलं न्हाई.

तीन मासे दुपारनंतर खाली गेले, पंख उघडून हिंडायला लागले. मोठी आडवी झाली. मामा तिला हळूच सरळ करायचे, ती पुन्हा आडवी व्हायची. चार वाजता त्यांनी हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले न्हाईत, माशांपुढंही बसले न्हाईत. मला भीती वाटून राह्यली होती, आता हे माणूस पुन्हा पहिल्यासारखं गप होतंय का काय. माझ्याच हातानं.

घट बसले त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मी आत कणीक मळत होते. मामांनी उचलला. मोठी मेली हे त्यांनी सांगितलं आणि मंग म्हणले, "मीच म्हणलो होतो तिला, सगळं पाणी बदल म्हणून. ती नको म्हणत होती."

पलीकडून नवऱ्याचा बापावर आवाज चढला. दादा, तुम्हाला किती बार सांगितलं, तुम्हाला काहीच कसं कळत न्हाई. मला दारातून सगळं ऐकू येत होतं. मामा मान खाली घालून "हो, हो" म्हणत ऐकून घेत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं माझ्या, लाज वाटली. दोन पावलांवर फोन होता. जाऊन घ्यायचा आणि म्हणायचं, मी बदललं.

मी कणीक मळत राह्यले.