सुक्या जवळ्याचा डबा

कॅन्टीनमध्ये कुणी सुक्या जवळ्याचा डबा उघडला की मला रबाळ्याच्या ऑफिसातली ती दुपार आठवते. नोकरीला लागून दोन महिने झाले होते, मी अजून कायम झाले नव्हते. एकाच सर्व्हरवर बारा व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेले बारा कॉम्प्युटर, उभी करायची होती. आमचे सीनियर नावडे गावचे. त्यांना सगळे दादा म्हणायचे. सकाळभर खपून त्यांनी पहिलं मशीन तयार केलं आणि त्याच्या अकरा कॉप्या काढायला मला खुर्चीत बसवून ते जेवायला गेले. दहाच मिनिटांत, माझी बिघडलेली कॉपी समजून, मी त्यांचं मूळ मशीनच डिलीट केलं. एसीच्या त्या गारठ्यात माझी कानशिलं तापली. सिस्टीमच हँग झाली असं सांगून टाकावं, असंही मनात आलं. जिन्यात दोनदा थांबले. शेवटी कॅन्टीनमध्ये त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, तुमचं मशीन माझ्या हातून उडालं." त्यांनी तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. "बस. आधी जेव. तुला बसवायच्या आधीच बॅकअप घेतलाय मी. हाय सगलं जाग्यावर." मी बसले, तेव्हा जवळ्याच्या डब्याशेजारी पडलेला त्यांचा फोन दिसला. मशीन गेल्याचा अलर्ट त्यावर येऊन वीस मिनिटं झाली होती. आता माझ्या हाताखाली नवी मुलं आहेत. जेवताना असा अलर्ट आला की मीही उठत नाही. दाराकडे बघत सावकाश जेवत राहते.