धुऱ्यावरच्या खुर्च्या

आधी उजव्या हाताचा पंजा वर यायचा, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. मग ओठांचा चंबू करून ती एक लांब, बारीक फुंकर सोडायची. ती संपेपर्यंत समोरच्याने गप्प उभं राहायचं, मग तो सरपंच असो, दूधवाला असो की मी. फुंकर संपली की पंजा खाली, आणि वाक्य जिथे तुटलं होतं नेमकं तिथून पुढे चालू.

"जल्मभर चुलीले फुकलं, मॅडम," ती मला म्हणायची. "आता सोताले फुकून राहिली."

दम लागणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जिन्यात मधेच थांबून मोबाइल बघण्याचं नाटक करणारी, 'काही नाही हो, वय झालं' म्हणणारी. आमच्या शेजारच्या मावशीला हे नाटक कधी जमलं नाही, की तिने ते करायचंच नाही असं ठरवलं होतं, कोण जाणे.

लाखनीजवळच्या आमच्या गावात तिचं घर माझ्या घराला लागून. मी शाळेत शिकवते. ती तरुणपणापासून अंगणात मोठाल्या गंजांत धान उकडायची आणि उसना, म्हणजे उकडा तांदूळ करून विकायची. चुलीत लाकडं आणि धानाचं तूस. बिडी तिने कधी ओढली नाही, पण त्या चुलीचा धूर आयुष्यभर छातीत जात राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ही फुप्फुसं आता पहिल्यासारखी व्हायची नाहीत, जपून वापरायची. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं.

पहिल्यांदा तिचा दम कोंडला तेव्हा अख्खी गल्ली मदतीला धावली, आणि त्या मदतीनेच ती जायची वेळ आली होती. दारात माणसांची ही गर्दी. एक जणी पाणी पाजतेय, दुसरी पाठ चोळतेय, तिसरी 'काय झालं, काय झालं' विचारतेय. तेवढ्यात तिच्या नणंदेने दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या. आम्ही सगळे खोकत बाहेर पळालो. तिला पळता येत नव्हतं. शेवटी तिच्या मुलाने उचलून बाहेर आणलं.

दवाखान्यातून परतल्यावर ती हळूहळू घरोघर फिरली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. ती आम्हाला शिकवायला आली होती.

"माहा दम भरला का पाणी नोको. बोलणं नोको. काहून झालं, कसं झालं, काई इचारू नोका. बाजूले बसा फक्त." पंजा वर गेला, फुंकर झाली. "अन् मिरच्या भाजीत टाका."

जाता जाता तिने आणखी एक काम सांगितलं. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. तर सकाळी सडा टाकला की प्रत्येक घराने एक खुर्ची बाहेर ठेवायची. विनंती नाही, नुसतं सांगणं. मी शेजारी वाटीभर साखर मागायची तर दहा वेळा विचार करणारी बाई. आणि ही मान ताठ ठेवून गल्लीकडून खुर्च्या वसूल करत होती. लाइट गेली की माझ्या इन्व्हर्टरवरून तिच्या मशीनला वायर जायची, तीही तिनेच मागून घेतलेली. "तुह्या घरी पंखा फिरते, अन् मी इकडं फुकत बसून राहिली. थोडी लाईन दे ना मले." मागण्यात एवढा रुबाब असू शकतो हे मी तिच्याकडे पाहून थक्क होत शिकले. अजून मला तो साधत नाही.

गल्लीत खुर्ची न ठेवणारं घर एकच. समोरच्या काकाजींचं. राईस मिलमध्ये पोती वाहून त्यांचं आयुष्य गेलेलं. "बाईले आता पालखी पायजे," असं म्हणून हसायचे, आणि हसता हसता खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसून खोकायचे. मावशी त्यांच्या दारासमोर भिंत धरून उभी राहायची.

"भाऊजी, तुमाले लागन तवा सांगजा. माह्याकडची देईन."

"मले कायले लागते? मी चांगला हाय."

मागच्या वर्षी उन्हाळ्यात ती बरेच दिवस दवाखान्यात होती. आषाढात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आला तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंतही तिला जाता येत नव्हतं. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की रोपांची पहिली जुडी घरातल्या मोठ्या बाईने बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या वाफ्यात, लावायची. ती लागल्याशिवाय बाकीच्या बाया चिखलात हात घालत नाहीत.

"माय, यंदा सून लावन," मुलगा म्हणाला.

"लावन ना. मी मेल्यावर."

त्याचंही चुकत नव्हतं. शेताचा बांध, ज्याला आम्ही धुरा म्हणतो, पावसाळ्यात निसरडा आणि इतका अरुंद की दोन माणसं शेजारी चालत नाहीत. तिथवर गाडी जात नाही. डॉक्टरांनी छोटं सिलिंडर बरोबर घेऊन, सावकाश, एवढीच परवानगी दिली होती.

"धुऱ्यावर मधातच दम भरला तं? तिथं कोन हाय?"

पंजा वर गेला. फुंकर फार लांबली. मुलगा वाट पाहत राहिला.

"तिथं बाया हायेत," ती म्हणाली.

बायांना तिने काय निरोप धाडला होता ते मला त्या सकाळी धुऱ्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दिसलं. दोन्हीकडे पाण्याने भरलेल्या बांध्या, आणि मधल्या धुऱ्यावरून रोवणाऱ्या बाया एकामागे एक चाललेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक प्लास्टिकची खुर्ची. लाल, निळी, एक हात तुटलेली. थोडं थोडं अंतर सोडून त्या खुर्च्या मांडत गेल्या.

मागून ती निघाली. तिच्यामागे खांद्यावर सिलिंडर घेतलेला मुलगा. ती चालायची, बसायची, पंजा वर करायची. तिचा पंजा वर असेपर्यंत बाया चिखलात रिकाम्या हातांनी उभ्या राहायच्या. शेजारच्या बांधीत चिखलणी करणाऱ्याने आपणहून ट्रॅक्टर बंद केला, धूर नको म्हणून. एवढी माणसं एका बाईच्या श्वासासाठी थांबलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

शेवटची खुर्ची बांधीतच होती. ती बसली आणि खुर्चीचे पाय चिखलात पार बुडाले. तिथूनच वाकून तिने पहिली जुडी सोडली आणि रोपं लावली.

"झालं. लावा ना वं आता, माहं तोंड काय पाहता?"

बाया हसत वाकल्या. मी धुऱ्यावर उभी राहून रडले, आणि ते लपवलं नाही.

धान घरात आलं आणि थंडीत एका सकाळी ती गेली. घरीच, मशीन चालू असताना.

यंदाच्या रोवण्याला पहिली जुडी सुनेने लावली. खुर्चीची आता कुणाला गरज नव्हती. तरी बायांनी एक नेलीच, आणि धुऱ्याच्या मधोमध ठेवली.

थोड्या वेळाने काकाजी त्या धुऱ्यावरून आले. त्यांची बांधी पलीकडे आहे. खुर्चीजवळ ते थांबले. दुपट्टा तोंडाशी नेला, पुढे पाहिलं, मागे आमच्याकडे पाहिलं. मग बसले. आणि त्यांचा उजवा पंजा हळूच वर आला.

बाया जिथे होत्या तिथे थांबल्या. कुणी काही विचारलं नाही. सून चिखलातून वर आली आणि धुऱ्यावर त्यांच्या बाजूला नुसती बसून राहिली.