गिरणी कोणाच्या पैशावर चालावी

कंपनी बुडायला लागली की तिनं कर्ज किती काढावं आणि भांडवल किती वाढवावं, यावर पुस्तकांत मोठमोठी प्रकरणं असतात. आमच्या सरकीच्या तेल गिरणीत ते एकाच गोष्टीवरून ठरायचं. मालकांची खुर्ची. नवे शेअर काढले तर त्यांचा हिस्सा घटणार, म्हणून कर्ज. ते फेडायला आणखी महागडं कर्ज. मी तिथं हिशेब बघायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे.

गिरणी शेअर बाजारात गेली तेव्हा जानेफळपासून पिंपळगाव राजापर्यंत सरकी घालणाऱ्या घराघरानं थोडेथोडे शेअर घेतले. माझ्या वडिलांनी माझ्या नावानं घेतले.

मागच्या वर्षी बँकेनं तोडगा सुचवला: थकलेल्या कर्जाच्या बदल्यात आम्हाला शेअर द्या, व्याज थांबवतो. हिस्सा सगळ्यांचाच घटला असता, पण गिरणी जगली असती. खुर्ची मात्र मालकांची गेली असती. म्हणून त्यांनी उलटाच ठराव आणला. गिरणीची जागाही गहाण टाकून नवं कर्ज घ्यायचं. त्याला तीन चतुर्थांश मतं लागत होती.

मालक निर्धास्त होते. कागदी शेअर डीमॅट खात्यात गेले तेव्हा गावोगावच्या लोकांनी स्वतःचा मोबाइल नंबर न देता गिरणीच्या ऑफिसचा दिला होता. कंपनीचं काम, कंपनीच बघेल. आता मतदान मोबाइलवर आणि सगळ्यांचे ओटीपी मालकांच्या टेबलावर. लोक सभेत हात वर करायचे, जिलबी खायचे आणि मत दिलं असं समजून घरी जायचे.

माझं डोकंच फिरलं. रजा टाकली, स्कूटर काढली. उंद्रीला पेंडीचे एक म्हातारे व्यापारी होते, त्यांच्याकडे आधी गेले.

"मी तं दरसाली हात वर करतो ना," ते म्हणाले.

"चाचा, हात कोणीच मोजत नाही. तुमचं मत दुसराच देऊन राह्यला."

ते चपला घालत म्हणाले, "शेअर माया अन् बटन त्यानं दाबाव? चाल, कुठं जा लागते सांग."

नंबर बदलायला, डीमॅट खाती होती त्या खामगावच्या शाखेत त्यांनी अख्खी गल्ली आणली. बाकीच्या गावांतूनही लोक आले, आणि यंदा मतं त्यांनी आपापल्या मोबाइलवरून दिली. मालकांच्या कानावर जाईपर्यंत मतदान उरकलं होतं.

ठराव पडला. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आमच्या इथं वाढली अन् आमच्यावरच उलटली? काऊन?"

"गिरणी बुडून राह्यली होती म्हणून."

"उद्यापासून येऊ नको."

घरचा हप्ता डोळ्यांपुढे होता. तरी आवाज निघाला.

"नोकरी घ्या, ते तुमच्या हातात हाय. पण पुढच्या सभेले मी येईन. अन् तिथं मले नोकर म्हणून नाही, मालकीण म्हणून उत्तर द्या लागन."