सेतूरावांच्या डोक्यावरची तुळई

सेतूराव गेल्याचं मला चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या माझ्या दुकानात फोनवर कळलं. जुन्या मेडिकल स्कूलची लाकडी गॅलरी भरदुपारी कोसळली. ते जेवून तिच्याखालच्या खोलीत आडवे झाले होते. त्यानंतर तीन आठवडे लाकूड पोकळ आहे का हे बोटानं वाजवून बघायला माझा हात धजला नाही.

मी जुनं सागवान घेतो. साताऱ्याहून एका पिशवीनिशी आलो आणि पाडलेल्या इमारतींची दारं-तुळया विकत उभा राहिलो. वर्ग नव्या जागेत गेल्यापासून तिथल्या लेक्चर हॉलच्या पायऱ्यांच्या गॅलरीवर माझा डोळा होता. सेतूराव तिथले शिपाई, निवृत्तीनंतर रखवालदार. तंजावरकडचे मराठी, बोलण्याला तमिळ हेल. शवविच्छेदनाच्या टेबलावरचा देह हा विद्यार्थ्यांचा पहिला गुरू, म्हणून मोठमोठे डॉक्टरही इथे चपला बाहेर काढायचे, असं ते सांगायचे. टेबल केव्हाच गेलं होतं, तरी मला त्यांनी अनवाणीच आत नेलं...

आमच्या धंद्यात माल घ्यायचा तर आधी त्याला नावं ठेवायची. काही वर्षांपूर्वी तिथल्या ठणठणीत तुळयांना मी वाळवी लागल्याचं सांगितलं. सेतूरावांनी पाहणीला आलेल्या साहेबांसमोर लाकडात चाकू टोचून पातं आत जात नाही हे दाखवलं आणि मला लबाड म्हटलं. इमारत धड आहे म्हणून पाडकाम थांबलं. तो शब्द मला अजून खुपतो.

यंदा पुन्हा गेलो. मधली तुळई वाजवली. आतून पार पोकळ... आणि बरोबर खाली त्यांची खाट.

"रावजी, आज भाव करत नाही. खाट बाहेर काढा."

"काय शेठ, मागच्या खेपेचीच वाळवी का?" ते हसले.

मी भडकलो. "मरा मग," म्हणालो आणि निघून आलो. हेच शब्द.

परवा कंत्राटदारानं उरलेलं लाकूड बघायला बोलावलं. सेतूरावांच्या खोलीची चौकट तेवढी उभी होती, खुंटीला त्यांची छत्री. पलीकडच्या न पडलेल्या भागात नवा रखवालदार राहतो. तिथली तुळई भीतभीतच वाजवली. तोच आवाज. मी त्याला बाहेर झोप म्हटलं, तर भाव पाडायची ही युक्ती आपल्याला माहीत आहे, असं तो तमिळमध्ये म्हणाला. कानशिलं तापली. पण या वेळी वळलो नाही. आत शिरलो आणि त्याची खाट एकटाच ओढायला लागलो. मानेवर भुसा पडत होता, वर बघायचं धैर्य नव्हतं... तो दारात उभा राहून शिव्या देत होता. खाट उंबऱ्याला अडली. मी ओढतच राहिलो, तेव्हा कुठे त्यानं दुसरं टोक धरलं.