बटव्यातलं कार्ड

आई गेल्यावर बाबांना मी शहराच्या टोकाला, बेसाच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. इथे दाराला किल्ली नाही. शेजारच्या काळ्या यंत्राला कार्ड दाखवलं की दार उघडतं. ऑफिसात असंच कार्ड माझी हजेरी लावतं, म्हणून घरीही ते आलं याचं मला भारी कौतुक. बाबांसाठी मात्र दार उघडेना.

"तुमचं दार मले ओळखूनच नाही राहिलं," ते म्हणाले. "रविवारी मी लहान भावाकडे जातो."

काका गांधीबागेजवळच्या आमच्या जुन्या घरात राहतात. बाबांनी बॅगही भरली. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं.

एखादी गोष्ट का चालत नाही हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मी कार्ड टॉवेलात गुंडाळलं, वहीआड धरलं, तरी दार उघडलं. स्टीलच्या ताटाला चिकटवलं आणि दार ढिम्म. तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. बाबा कार्ड बटव्यात, तंबाखूच्या पितळी डबीला लागून ठेवायचे आणि अख्खा बटवाच यंत्राला लावायचे.

माझं एक जुनं कार्ड फोडून मी त्यांना दाखवलं. आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, बॅटरी नाहीच. यंत्राच्या लहरींनी ते जागं होतं आणि धातू लागून असला की होत नाही. बाबांची उमर हातमागावर गेलेली. त्यांनी तार बोटावर घेतली.

"आन् तुटली त गाठ कशी मारतेत वं?"

"नाही मारत. नवीन कार्ड घेतात."

हे काही त्यांना पटलं नाही.

कार्ड शर्टाच्या खिशात गेलं आणि दार उघडू लागलं. मी खुशीत होते, पण बॅग भरलेलीच.

"आता काहून चालले, बाबा?"

"दार उघडते, पन घरात कोनाले पत्ता नाही लागत. बाजारातून आलो का तुही माय सुताच्या कांड्या भरनं सोडून उठे, कडी काढे. 'आले का' म्हने."



शनिवारी संध्याकाळी मी कणीक मळत होते. ओट्यावरच्या मोबाईलवर दाराच्या कॅमेऱ्यातून बाबा दिसले. त्यांनी खिशातून कार्ड काढलं, बटव्यात डबीला लावून ठेवलं आणि बटवा यंत्राला टेकवला. जरा थांबले. मग घंटी वाजवली.

कणकेच्या हातानंच मी दार उघडलं.

"पाह्य, तुहं मशीन पुन्हा नाही चाललं."

"आले का, बाबा?"

"आलो ना वं," म्हणत ते चपला काढू लागले.

रविवारी काकांचा फोन आला. बाबांनी सांगितलं, "नाही जमत येनं. पोरीकडचं दार बिघडून राहिलं."