जिथे जिथे जुना कायदा

ऑफिसात पोचली की मावशी आधी डिंकाची बाटली उघडायची. रात्रभरात डिंक वाळून झाकण घट्ट बसलेलं असायचं. चहाच्या किटलीतलं थोडं गरम पाणी ती झाकणावर ओतायची, रुमालात धरून पिळायची, आणि सुटलं की बाटलीच्या तोंडाशी धरलेली पिवळी खपली नखाने काढून टाकायची. मगच खुर्चीवर बसायची. शेजारच्या टेबलावरचे म्हणायचे, "बाईंनी बाटलीचं तोंड धुतलं. आता सरकार सुरू झालं."

वाहतूक खात्याच्या नियम शाखेत तिची सगळी नोकरी गेली. मालट्रकवर माल किती भरायचा, ब्रेक कसे असावेत, ड्रायव्हरने सलग किती वेळ गाडी हाकायची, या सगळ्याचे नियम तिच्या कपाटात होते. एखादा नियम बदलला की राजपत्रात छापून येई. मावशी त्या ओळी कात्रीने कापायची आणि शाखेच्या प्रतीत जुन्या ओळींवर चिकटवायची. वर्षानुवर्षं चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या बसून ते पुस्तक उशीसारखं फुगलं होतं. दुसऱ्या ऑफिसांतून फोन यायचे, "बाई, ताडपत्रीचं सध्या काय चाललंय?" भाजीचा भाव विचारावा तसे. ती पान उघडून वाचून दाखवायची. पाठ असलं तरी वाचूनच.

काकांचं चष्म्याचं दुकान होतं. ते म्हणायचे, "दिसत नाही म्हणून लोक माझ्याकडे येतात. दिसतं पण कळत नाही, ते हिच्याकडे जातात."

मी शिकायला त्यांच्याकडे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. आणि बरीचशी नंतर काकांकडून ऐकलेली.

एका दुपारी शाखेत एक उंच, वाळका माणूस आला. हातात टोपी, आणि ती पिळून पिळून तिची वात झालेली. सोबत थोरली बहीण. बोलायचं काम तिच्याकडे होतं.

"हा बोलायचा नाही," ती म्हणाली. "हा फक्त झोपतो. त्यापायीच आलोय."

माणूस ट्रक चालवायचा. आदल्या पहाटेपासून स्टेअरिंगवर होता. मागे बर्फात मासळी, आणि मालकाचे फोनवर फोन. डोळ्यांसमोर रस्ता दुहेरी दिसायला लागला तशी त्याने एका पेट्रोलपंपाच्या आवारात गाडी घेतली आणि तो झोपला. जागा झाला तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. वाटेत माल टाकला म्हणून मालकाने तक्रार केली. परवाना अधिकाऱ्याने लायसन्स जमा करून घेतलं. ते कायमचं रद्द करायचं की नाही, याची सुनावणी पुढच्या महिन्यात होती.

"पण नियमात आहे ना," मावशी म्हणाली. "थकलेल्या ड्रायव्हरने विश्रांतीसाठी गाडी थांबवली तर त्याच्यावर कारवाई करता येत नाही."

"मी तेच सांगितलं," ड्रायव्हर पहिल्यांदा बोलला. "युनियनवाल्यांनी पान पण दिलं होतं. साहेबांनी वाचलं. म्हणाले, इथे लिहिलंय, कलम एक्केचाळीसप्रमाणे विश्रांती. मग त्यांनी कायदा काढला. एक्केचाळीस हॉर्नचं निघालं."

"साहेब हसले," बहीण म्हणाली. "म्हणाले, तुमच्या भावाने थांबून हॉर्न वाजवला असता तर सुटला असता."

मावशी हसली नाही. तिने फुगलेलं पुस्तक पुढे ओढलं, आणि आतलं पान न काढता पहिलंच पान उघडलं. तिथे एकच चिठ्ठी चिकटवलेली होती. चिठ्ठीतली ओळ तिने बोट ठेवून वाचली.

"सुनावणीला जायचं," ती शेवटी म्हणाली. "काही झालं तरी जायचं. मी बघते."

संध्याकाळी घरी भाजी निवडता निवडता तिने काकांना सांगितलं, "ते वाक्य माझं आहे."

वाक्य असं होतं: जिथे जिथे या नियमांत जुना कायदा असा उल्लेख असेल, तिथे तिथे नवा कायदा असे वाचावे. काही वर्षांपूर्वी वाहतुकीचा जुना कायदा जाऊन नवा आला. नियमांत शेकडो ठिकाणी जुन्याचं नाव होतं. प्रत्येक जागा शोधून बदलायची तर अख्खा उन्हाळा गेला असता, आणि वरून तर आठवड्याचीच मुदत होती. तेव्हा मावशीने हे वाक्य लिहिलं. एकच ओळ, एकच चिठ्ठी, पहिल्या पानावर. त्या वेळच्या साहेबांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली होती, आणि ती खूश होऊन घरी पेढे नाही पण भजी तळायला बसली होती, असं काका सांगतात.

नव्या कायद्यात मात्र प्रकरणं इकडची तिकडे झाली होती. जुन्यात विश्रांती जिथे होती, तिथे नव्यात हॉर्न आला. विश्रांती पुढे कुठेतरी सरकली. नाव बदललं, आकडा तोच राहिला. घर बदलून जुनाच पत्ता देत राहावं, तसं.

"इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं?" काकांनी विचारलं.

"सगळे अर्थ लावून घेत होते. या परवाना अधिकाऱ्याने नाही लावला."

"मग चूक त्यांची."

"त्यांनी छापलेलं वाचलं," मावशी म्हणाली. "ते मी छापायला दिलं होतं."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या शाखेच्या साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. दमलेले होते, आणि त्यांच्या टेबलावर फायलींच्या भिंती होत्या.

"हे दुरुस्त करायलाच हवं," ते लगेच म्हणाले. "सुधारणा काढू. आजपासून पुढे अमुक कलम वाचावे. संपलं."

"आजपासून पुढे म्हटलं तर तो माणूस मागेच राहतो, साहेब. तो त्याच्या आधी झोपला."

"मग?"

"शुद्धिपत्र काढायचं."

साहेबांनी चष्मा काढला. ऑफिसात हा फरक सगळ्यांना माहीत होता. सुधारणा म्हणजे सरकारने विचार बदलला, ती निघाल्या दिवसापासून लागू. शुद्धिपत्र म्हणजे पहिल्यापासून असंच म्हणायचं होतं, छापताना चुकलं, ते मूळ तारखेपासून लागू. सुधारणेत कुणी चुकलेलं नसतं. शुद्धिपत्रात कुणीतरी चुकलेलं असावं लागतं.

"वरून विचारतील, चूक कुणाची."

"माझी."

"बाई, तुमच्या बढतीची फाईल वर गेलीये. या घडीला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौस आहे का? सहा महिने थांबा. खुर्चीवर बसा, मग काढा."

"सुनावणी पुढच्या महिन्यात आहे."

"लोकांना अर्थ कळतो हो. शहाण्याला कळतोच."

"शहाण्यांचं कायद्यावाचून अडत नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले ते बरोबरच होतं, आणि मावशीलाही ते पटलं. "एकट्या एक्केचाळीसचं शुद्धिपत्र पाठवलंत, तर उद्या म्हणतील बाईंनी ओळखीच्या माणसासाठी काढलं. करायचं तर सगळं करा. एकूण एक उल्लेख. नाहीतर मी सही करणार नाही."

म्हणजे जो उन्हाळा तिने एका ओळीत वाचवला होता, तो आता भरून द्यायचा होता. आणि हातात उन्हाळा नव्हता.

त्या दिवसांत आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि कायदा जास्त असायचा. एका बाजूला जुना, एका बाजूला नवा, मधे नियम. काका दुकान बंद करून आले की जुन्याचं कलम मोठ्याने वाचायचे, मावशी नव्यात त्याचा मजकूर शोधायची. आकड्यावर ती विश्वास ठेवत नव्हती. शब्द जुळले तरच पेन्सिलीची खूण.

"ब्रेकच्या तपासणीचा नियम," काका वाचायचे. "तुझ्या वाक्याप्रमाणे हा आता प्रवाशांशी उद्धट बोलण्याच्या कलमात गेलाय."

"पुढचा."

"स्फोटक माल. हा नंबरप्लेटच्या रंगात. बरं झालं, रंगीत स्फोट."

"वाचा हो नीट."

"वाचतोय. पगार काय देणार?"

"तुमचं जेवण तुम्हीच वाढून घ्या. तो पगार."

एक नियम मात्र कुठेच बसेना. अवजड यंत्र नेताना गाडीपुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावं, असा तो होता. नव्या कायद्यात तसं कलमच नव्हतं. मावशीने दोनदा, तीनदा चाळलं.

"निर्वंश झालं," काका म्हणाले.

"तसंच लिहिते," ती म्हणाली, आणि खरंच त्या जागी तिने लिहिलं, समकक्ष कलम आढळत नाही. ओढूनताणून जवळचं एखादं कलम चिकटवता आलं असतं. मी तसं सुचवलंही. तिने माझ्याकडे पाहिलं. "एकदा ओढूनताणून झालंय," ती म्हणाली.

साहेबांनी जुन्या-नव्या कलमांचा तो तक्ता पाहिला, मधूनच कुठली तरी पाच-सहा कलमं स्वतः काढून पडताळली आणि सही केली. फाईल विधी विभागात गेली. तिथून अपेक्षेप्रमाणे एका ओळीची पृच्छा आली: चूक कशी घडली?

मावशीने उत्तर लिहिलं. मसुदा मी केला होता. कलमांचे क्रमांक पडताळले नव्हते.

साहेबांनी पेन्सिलीने मधे घातलं, कामाच्या घाईमुळे. मावशीने ते खोडलं.

"अहो, खरंच आहे ते," साहेब म्हणाले. "आठवडा दिला होता त्यांनी."

"घाई सगळ्या खात्याला होती. पडताळायचं काम माझं होतं."

"तुम्ही माझं ऐकणार नाही."

"बाकी सगळं ऐकते की."

साहेबांनी कागद खाली ठेवला, परत उचलला, आणि तसाच पाठवला.

विधी विभागाने वेळ घेतला. मावशी रोज जेवणाच्या सुट्टीत चौथ्या मजल्यावर जायची, तिथल्या बाकावर बसायची आणि डबा तिथेच खायची. काही विचारायची नाही, फक्त बसायची. तिथला अधीक्षक शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही समोर बसलात की मला घास जात नाही." ती म्हणाली, "फाईल सोडा, मी खाली जेवीन."

शुद्धिपत्र सुनावणीच्या आदल्या आठवड्यात छापून आलं. राजपत्राची एक प्रत तिने स्वतः ड्रायव्हरच्या बहिणीच्या हातात दिली आणि कुठली ओळ दाखवायची ते बोट ठेवून सांगितलं. अधिकाऱ्याने ओळ वाचली, कायदा काढला, विश्रांतीचं कलम विश्रांतीच्याच जागी सापडलं. लायसन्स परत मिळालं. त्या अधिकाऱ्याबद्दल मावशी कधी वाईट बोलली नाही. छापलं ते वाचतो, म्हणायची, असा माणूस बरा.

तिला लेखी ताकीद मिळाली आणि ती सेवापुस्तकात लागली. बढती दुसऱ्याला गेली. काकांना त्याचा राग आला, तो बरेच दिवस टिकला. "तुझ्या जागी मी असतो तर," ते सुरुवात करायचे.

"तुम्ही माझ्या जागी असता तर चष्म्याचे नंबर बदलून बसला असता."

"नंबर चुकला तर मी काच बदलून देतो."

"मग मी काय केलं?"

राग तिथेच निवला, असं नाही. पण विषय तिथे थांबला.

शुद्धिपत्राच्या ओळी मावशीने एकेक कापून त्या त्या पानावर चिकटवल्या. त्याला पावसाळा लागला. पहिल्या पानावरची तिची चिठ्ठी तिने फाडली नाही. तिच्यावर तिरकी रेघ मारली, तारीख घातली, सही केली.

निवृत्त होईपर्यंत ती कारकूनच राहिली. ड्रायव्हर अधूनमधून फोन करायचा, बोलायचा काहीच नाही. "बरं आहे ना, बाई," एवढंच. मग बहीण फोन हिसकावून घ्यायची.

पुढे मावशीचं हृदय कमजोर झालं. एका सकाळी तपासण्या आटपून आम्ही तिघं दवाखान्याच्या दारात भाड्याच्या गाडीत बसलो. गाडीचा ड्रायव्हर स्टेअरिंगवर हात ठेवून जांभई देत होता, डोळे तांबारलेले. मावशीने त्याला विचारलं, कधीपासून आहात. रात्रपाळी झाली, मग दुसऱ्याच्या बदली धरली, तो म्हणाला. काका घड्याळ पाहत होते, घरी औषधाची वेळ झाली होती. मावशीने दार पुन्हा उघडलं, वाऱ्यासाठी, आणि पाठ मागे टेकली. त्याच दुपारी झोपेत ती गेली. गाडीत पाठ टेकल्यानंतर ती आमच्याशी काही बोलल्याचं मला आठवत नाही. त्या ड्रायव्हरला मात्र ती समोरची टपरी दाखवून म्हणाली, "तुम्ही आधी चहा घेऊन या. आम्ही बसतो इथे."