मतदार यादीत छापलेलं वय

मी चौतीस वर्षांची होते आणि त्याला एकोणतीस सांगितलं होतं. तो सव्वीसचा. तीन वर्षं खपून जातील, आठ खपणार नाहीत, असं मला वाटायचं. आणि ही तीच मी, जिनं ‘बायको वयानं लहानच कशाला?’ हे पत्रक स्वतः लिहून, चार उद्गारचिन्हं ठोकून, गुलमंडीवर वाटलं होतं!

चळवळीत सगळ्याच बाया ताई असतात. तो पाचोडहून आला तेव्हा मीही ताईच होते. ते सोडायला त्याला पाच महिने लागले. मधले दोन महिने तो मला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हता, नुसतं “ऐका ना” म्हणायचा. आमच्या कार्यालयात सगळ्यांना काय ते तेव्हाच कळलं.

पाण्याच्या मोर्चाच्या आदल्या दिवशी मला कानामागं पांढऱ्या केसांचा अख्खा झुपका सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या गल्लीत नळ येणार होता, मोर्चा दहाला. मी सहालाच काळी मेंदी थापली आणि नळापाशी बसले. सात वाजले, आठ वाजले. नळ नुसता फुसफुसला. पाणी सोडणाऱ्या लाईनमनला फोन लावला.

“ताई, आज नाय. उद्यावर ढकललं.”

टाकी कोरडी. टँकर मागवावा, तर ‘टँकर विकत घेऊ नका, हक्काचं पाणी मागा’ हे माझंच पत्रक गल्लीतल्या प्रत्येक दारावर चिकटलेलं. शेजारी मागावं, तर माझं ऐकून त्यांच्याही टाक्या कोरड्या. डोक्यावर मेंदीची गोवरी झाली होती, आणि तेवढ्यात तो मला न्यायला आला.

“उघड की. मोर्चाचे हंडे कुठंयत?”

“तू हो पुढं. मला ताप आहे.”

“काल तर भोंग्यावर बोंबलत होतीस.”

“आत्ताच आला.”

“उघड, नाय तर गल्लीत घोषणा देतो.”

दिल्याही असत्या. मीच शिकवलेल्या. मी दार उघडलं.

“आगंगं! डोकं कामून लिपलं?”

“पांढरे झालेत म्हणून.”

“एकोणतिसाव्या वर्षी?”

“आमच्या घरात लवकरच होतात.”

तो तसाच गेला आणि कोपऱ्यावरून मोटारसायकलवर पाण्याचे दोन जार घेऊन आला. मी भडकलेच. “विकतचं पाणी?”

“पत्रकात टँकर लिहिलंय. जार नाय लिहिलेला.”

मोरीत मान खाली घालून बसले. बर्फासारखं पाणी ओतता ओतता तो म्हणाला, “चौतीस. मला माहितीय.”

मान वर करायची सोय नव्हती. “कुणी सांगितलं?”

“सह्या गोळा करायला मतदार यादी तूच दिलीस ना? नावापुढं वय छापलेलं असतंय.”

“कधी बघितलंस?”

“पहिल्याच आठवड्यात. तवा तू ताई होतीस.”

“आणि वर्षभर मला एकोणतीस म्हणू दिलंस!”

“लई ठासून सांगायचीस. मला वाटलं यादीच चुकली असंल, हरकत नोंदवावी.”

मग त्यानं जार खाली ठेवला. “वयाचं काय नाय. पर जगाला खरं बोल म्हणून सांगतीस अन् मला खोटं? ते लागलं जरा.”

“मी पन्नासची होईन तेव्हा तू बेचाळीसचा असशील,” एवढंच म्हणाले. वर्षभर पोटात हेच घेऊन फिरत होते.

“व्हय. अन् तवाबी नळ कोरडाच असंल. मान खाली घाल, कानामागं राहिलंय.”

मोर्चाला पोचलो तेव्हा माझ्या कपाळावर बोटभर रुंद काळा पट्टा होता. महापालिकेच्या फाटकावर एक साहेब बाहेर आले, हात जोडून मला म्हणाले, “काकू, तुमच्या पोराला म्हणावं हंडा वाजवू नको.”

मी भोंगा तोंडाला लावला.

“पोरगा नाही साहेब, मित्र आहे माझा. लग्नाचंही चाललंय. मी चौतीसची, तो सव्वीसचा. आता पाण्याचं बोला!”

मग मागून आमच्याच गल्लीतली एक बाई दुसरीला म्हणाली, “चौतीसच? मला तर चाळिशीची वाटली होती बाई.”

सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं ते सांगायला नको. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.